हवा बदलली की मुलं आजारी का पडतात? बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका आईला उत्तर

ताई,

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा, घर जांबोटीच्या बाजूला. मिरगाचा पाऊस लागला की दोघांना सर्दी, गणपतीनंतर ताप, संक्रांतीच्या थंडीत रात्रभर खोकला. यांची प्रतिकारशक्ती कमी आहे का, कुठलं टॉनिक द्यावं, आणि आज्जी म्हणतात तसं केळं, दही, अंघोळ बंद करावी का?

आधी टॉनिकचं सांगतो. प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून विकलं जाणारं कुठलंही सिरप तुमच्या मुलांना लागत नाही. पाच वर्षांखालच्या निरोगी मुलाला वर्षात सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होतो. अंगणवाडी किंवा बालवाडी सुरू झाली की पहिल्या वर्षी हा आकडा दहाबारावरही जातो. एकेक खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. म्हणजे पावसाळाभर पोराचं नाक वाहतंय असं वाटतं, आणि तरीही त्यात काही बिघडलेलं नसतं. मुलगी खेळते, जेवते, वजन वाढतंय, दोन आजारांच्या मध्ये पूर्ण बरी असते, तर तिचं शरीर आपलं काम नीट करतंय. एका वर्षात दोनदा न्यूमोनिया, वजन थांबलेलं, पुन्हापुन्हा मोठे गळू, कान महिनोन्‌महिने वाहणं, असं काही असेल तर मात्र तपासण्या करायला हव्यात.

आता हवेबद्दल. आपल्याकडे पोर आजारी पडलं की "हवा बदलली" म्हणतात आणि विषय संपतो. मला ते पटत नाही, कारण हवेला बोल लावला की करण्यासारखं काही उरत नाही. ऋतू पालटतो तेव्हा घरातल्या चार गोष्टी पालटतात: दारं-खिडक्या किती उघड्या राहतात, प्यायचं पाणी कुठून येतं, डास कुठे वाढतात, आणि घरात धूर किती कोंडतो. आजार येतात ते या चार वाटांनी, आणि चारही वाटा बऱ्याच अंशी आपल्या हातात आहेत.

आपला जिल्हा तर एका हवेचा नाहीच. कणकुंबीला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आणि त्याच जिल्ह्यात अथणीला पावसाची वाट बघत बसावं लागतं. निपाणीत तंबाखूची भुकटी, चिकोडी-रायबागला कृष्णेचा पूर, बेळगाव शहरात पिंपात साठवलेलं नळाचं पाणी. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांनी लिहिलेलं वाचताना आपल्या गावाचा हिशेब आपणच घालायचा.

पावसाळ्यावर जरा थांबून लिहितो, कारण तुमच्या भागात तोच सगळ्यात लांब आणि सगळ्यात त्रासाचा काळ. कर्नाटकातल्या शाळा मे अखेरीस किंवा जूनच्या सुरुवातीला उघडतात, म्हणजे शाळा आणि पाऊस जवळजवळ एकदमच सुरू होतात. चाळीस पोरं एका वर्गात, खिडक्या लावलेल्या. एकाची सर्दी आठवड्यात सगळ्यांना. घरी आल्यावरही तेच: दारं बंद, ओले कपडे चुलीवर नाहीतर खोलीतल्या दोरीवर, भिंतीला बुरशी. पावसात भिजल्याने सर्दी होत नाही. ती विषाणूंनी होते, आणि कोंदट खोलीत ते एकमेकांकडून पटकन मिळतात. म्हणून पाऊस उघडला की, मग दिवसातून दोनदा का होईना, समोरासमोरच्या खिडक्या उघडा. कपडे शक्यतो सोप्यात किंवा पडवीत वाळवा. मुलं शाळेतून आली की आधी साबणाने हात, मग खाऊ. भिजून आली तर डोकं पुसून कोरडे कपडे, एवढं पुरे.

पाण्याचं जास्त महत्त्वाचं. पहिल्या मोठ्या पावसात सगळीकडचं वाहून आलेलं विहिरीत, ओढ्यात उतरतं आणि पुढच्या काही दिवसांत हगवणीची मुलं यायला लागतात. तुरटी फिरवून गाळ खाली बसतो, पाणी निवळ दिसतं, पण जंतू मरत नाहीत. पाणी खळखळ उकळलं पाहिजे, उकळी आल्यावर किमान एक मिनिट, आणि त्याच भांड्यात झाकून थंड करायचं. काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवा. हात बुडवून तांब्या भरला की उकळण्याचे सगळे कष्ट फुकट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्याच फुगल्या, तेव्हा छावण्यांमध्ये लहान मुलांच्या बाबतीत मुख्य काळजी याच पाण्याची होती. पूर ओसरल्यावर विहिरीत क्लोरीन टाकून घेतल्याशिवाय ते पाणी मुलांना देऊ नका.

जुलाब लागले तर ओआरएस. सरकारी पाकीट आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात फुकट मिळतं. अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. थोडी पूड वाटीभर पाण्यात, असं केलं की मीठ जास्त होतं आणि मुलाला अपाय होतो. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर ५० ते १०० मिलि, त्यावरच्या मुलाला १०० ते २०० मिलि, चमच्याचमच्याने. ओकला तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी हळू. तयार पाणी २४ तासांनी टाकून द्या. सोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, पूर्ण १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून बहुतेक घरांत झिंकही थांबतं. तसं करू नका, पुढचे जुलाब टळतात ते त्या उरलेल्या दिवसांमुळे. अंगावरचं दूध चालू, मऊ भात, मुगाची आमटी, ताक, पेज सगळं चालू. "पोटाला विश्रांती" म्हणून उपाशी ठेवलेलं मूल जास्त खंगतं. जुलाब आवळून धरणाऱ्या मोठ्यांच्या गोळ्या मुलांना कधीही नाहीत.

तुमचं घर रानाला लागून आहे म्हणून आणखी एक. डिसेंबर ते मे या काळात पलीकडच्या गोव्यातल्या सत्तरी आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. तो गोचिडीतून येतो. काजूच्या बागेत किंवा जळणाला गेलेल्या मोठ्यांनी घरी आल्यावर कपडे बदलून, अंघोळ करून मगच बाळाला घ्यावं. रानात माकड मेलेलं दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावं.

गणपती ते दिवाळी हा डेंग्यूचा काळ. पाऊस कमी होतो, ऊन पडतं, आणि साचलेल्या स्वच्छ पाण्यात एडिस डास वाढतो. तो दिवसा चावतो, त्यामुळे फक्त रात्रीची मच्छरदाणी पुरत नाही. दीड वर्षाचं बाळ दुपारी झोपतं तेव्हाही लावा. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवा आणि त्या दिवशी पिंप, हौद, फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बश्या, गोठ्यातली डोण, सगळं रिकामं करून घासा. नुसतं ओतून चालत नाही, अंडी कडेला चिकटून राहतात. नळाला रोज पाणी येत नाही अशा भागात पिंप भरून ठेवणं भाग आहे. तिथे झाकणाखाली फडकं घट्ट बांधा.

डेंग्यूत फसवणारी गोष्ट म्हणजे धोका ताप उतरल्यावर येतो, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. ताप गेला म्हणून आई निश्चिंत होते आणि नेमकं तेव्हा मूल निस्तेज होतं, पोट दुखतं, सारखं ओकतं, हातपाय गार पडतात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं, लघवी कमी होते. यातलं एकही दिसलं तर रात्र आहे, पाऊस आहे, असं म्हणून थांबू नका. घरोघर प्लेटलेटच्या आकड्याची भीती असते, पण मूल वाचतं ते वेळेवर आणि मोजून दिलेल्या पाण्या-सलाईनने. पपईच्या पानांचा कडू रस बळेच पाजून आधीच मळमळणाऱ्या मुलाला ओकायला लावू नका.

तापाच्या औषधाविषयी नीट वाचा, कारण इथे खूप गोंधळ होतो. पॅरासिटामॉल वजनावर द्यायचं, वयावर नाही: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान सहा तास. बाटल्यांची ताकद मात्र वेगवेगळी असते. एकीत ५ मिलिमध्ये १२५ मिलिग्रॅम, दुसरीत तेवढ्याच औषधात २५०, आणि थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिमध्येच १००. मुलगी १४ किलोची धरली तर तिला एका वेळी साधारण २०० मिलिग्रॅम पुरतात: पहिल्या बाटलीतून ८ मिलि, दुसरीतून ४. शेजारणीने सांगितलेलं "एक टोपण" म्हणून धोक्याचं. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन, मेफेनामिक ॲसिड किंवा ॲस्पिरिन घरच्या घरी देऊ नका. रक्तस्राव वाढू शकतो. आणि तीन महिन्यांखालच्या बाळाला १०० पॉइंट ४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला तर औषध देऊन वाट बघायची नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

मग थंडी. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो. खिडक्या पुन्हा बंद, आणि घरात धूर. चुलीवरचं अंघोळीचं पाणी, बाळाला दिलेली ओवा-लसणाच्या टरफलांची धुरी, संध्याकाळची उदबत्ती, बाहेर पेटवलेलं उसाचं पाचट, गुऱ्हाळाचा धूर. हे सगळं त्या इवल्या छातीत जातं. धुरी आज्जींनी मायेने दिलेली असते, हे मला माहीत आहे. तरी ती बंद करा असंच मी सांगेन. त्याऐवजी आज्जींना मालिश करू द्या, अंगाला ऊब द्यायला दोन पातळ कपडे एकावर एक घालू द्या, मुलीला रात्री गोष्ट सांगून वेळेवर झोपवू द्या. चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात दहा ते तेरा तास झोप लागते आणि ती कमी पडली की आजार रेंगाळतात. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपणं तर जिवावरचं. वास न येणारा विषारी वायू साठतो. निपाणीकडे घरोघरी विड्या वळतात, तिथल्या आयांना मी पाळणा तंबाखूच्या सुपापासून दुसऱ्या खोलीत न्यायला सांगतो.

खोकल्याच्या सिरपबद्दल मी अगदी ठाम आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या सिरपने लहान मुलं दगावली. त्याच ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने सांगितलं, की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा नकोत. औषध शुद्ध असलं तरी या वयात ती खोकला कमी करत नाहीत, गुंगी मात्र आणतात. मग करायचं काय? नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे थेंब, दूध पाजण्याआधी आणि झोपण्याआधी. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा-एक चमचा मध. एक वर्षाखाली मध अजिबात नाही, बोटाला लावून चाटवायलाही नाही. कोमट पाणी, सार, पेज. कापराची पोटली गळ्यात बांधू नका, कापूर पोटात गेला तर झटके येतात. उकळत्या पाण्याची वाफही नको. भाजलेली मुलं मी हिवाळ्यात पाहतो आणि ती टाळता येण्यासारखी असतात. घरात उरलेलं अँटिबायोटिक धाकट्याला देणं हाही तसाच चुकीचा काटकसरीपणा. साध्या सर्दीच्या विषाणूवर ते चालत नाही.

तुमच्या मुलीचा "संक्रांतीच्या थंडीत रात्रभर खोकला" मात्र मला वेगळा वाटतो. दर वर्षी त्याच दिवसांत, पहाटे जास्त, धावलं की वाढतो, छातीत शिट्टीसारखा आवाज, घरात कुणाला दमा किंवा अंगाला सारखी खाज, असं असेल तर तो बाळदमा असू शकतो. तो ओळखला जात नाही म्हणून मुलं वर्षानुवर्षं सिरप पितात. त्यावर नळी लावून द्यायचा पंप (इनहेलर) हा सगळ्यात सौम्य उपाय आहे: औषध मायक्रोग्रॅममध्ये आणि थेट श्वासनळीत. पंपाची सवय लागते ही समजूत आपल्याकडे इतकी पक्की आहे, की लग्नात अडचण येईल म्हणून चार वर्षांच्या मुलीचा पंप लपवणारी घरं आहेत. कृपा करून तसं करू नका. एकदा बालरोगतज्ज्ञांकडून छाती तपासून घ्या.

आज्जींच्या पथ्याचं सांगतो. केळ्याने, दह्याने कफ होत नाही. ताज्या दह्याचा भात दुपारी द्या. अंघोळ कोमट पाण्याने, आडोशाला, पटकन, तापातसुद्धा चालते. पण आज्जींचं एक म्हणणं मी तुमच्यापेक्षा जास्त मानतो, ते नाचणीचं. खानापूरकडची नाचणी म्हणजे १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि आंबील केली की पचायलाही हलकी. सकाळी चहात बुडवलेलं बटर (टोस्टसारखा कडक पाव) किंवा बिस्कीट ही आपल्या भागातली मुलांची न्याहारी झाली आहे, आणि माझ्या मते ऋतूपेक्षा मुलांचं जास्त नुकसान ती करते. चहाने अन्नातलं लोह शरीरात नीट उतरत नाही, पोट मात्र भरल्यासारखं होतं. रक्त कमी असलेलं मूल प्रत्येक आजारात जास्त दमतं. चहा बंद करा. त्या जागी आंबील, अंडं, शेंगदाणा-गुळाचा लाडू, हिवाळ्यात उकडलेलं रताळं. शाळेत अंडं किंवा केळं मिळतं ते मुलीला खाऊ द्या. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत जंताची गोळी देतात, ती चुकवू नका: एक ते दोन वर्षांच्या मुलाला अर्धी, त्यावर अख्खी, चावून किंवा चुरून.

उन्हाळ्याचं थोडक्यात. आपल्या गावच्या जत्रा याच दिवसांत; पाहुणे, टँकरचं पाणी, बर्फाचे गोळे, उघडं कापलेलं कलिंगड. कावीळ आणि विषमज्वर बऱ्याचदा जत्रेनंतर दिसतात. मुलांसाठी घरचं पाणी बाटलीत न्या. अथणी-रायबागकडे आजोळी जाणार असाल तर दुपारी बारा ते चार मुलं सावलीत. आणि विहिरीवर, कालव्यावर, दगडाच्या खाणीतल्या पाण्यावर पोरांना मोठ्या माणसाशिवाय सोडू नका. सुट्टीत मुलं बुडतात ती बहुधा ओळखीच्या पाण्यात.

लसींचं नियोजनही ऋतूवर करता येतं. तायी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या नोंदींचं सरकारी कार्ड, काढून बघा: गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, न्यूमोनियाची लस, दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्व. धाकट्याचा १६ ते २४ महिन्यांतला गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आता लागू आहे. फ्लूची लस सरकारी यादीत नाही, पैसे देऊन घ्यावी लागते. परवडत असेल तर मे महिन्यात, पावसाआधी द्या. पहिल्या वर्षी चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, पुढे दर वर्षी एक. नाही परवडली तर मनाला लावून घेऊ नका. चूल खोलीबाहेर नेणं, हात धुणं आणि घरातल्या मोठ्यांनी खोकताना तोंडावर पदर-रुमाल धरणं यानेही खूप फरक पडतो.

शेवटी, दवाखान्यात कधी न्यायचं. मूल शांत असताना कपडा वर करून छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका. श्वास घेताना बरगड्यांखाली खळी पडत असेल, ओठ निळसर असतील, मूल काहीच पीत नसेल, झटका आला असेल, उठवूनही नीट जागं होत नसेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, तर १०८ ला फोन करा. तुमच्याकडे मोठ्या पावसात रस्ता बंद होतो, नदी-नाल्यावर पाणी येतं. अशा दिवसांत थोडं आधीच निघा, अंधाराची वाट बघू नका. निघताना तायी कार्ड, दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या आणि कागदावर तीन गोष्टी लिहून न्या: ताप कधी सुरू झाला, शेवटचं औषध कधी आणि किती दिलं, शेवटची लघवी कधी झाली.